फरशी सरकारची, लेक माझी

सिमेंटच्या घराचं कौतुक माझ्यापुढं कुणी करू नये. असल्या घरात मी चार हिवाळे काढले आणि चारही हिवाळे त्याच्या फरशीशी भांडले. जिंकले, म्हणून सांगते. हरले असते तर गप्प बसले असते. हरल्याचं रडगाणं गायची आमच्या घरात रीत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजामाची सत्ता गेली होती, पण हैदराबाद राज्य अजून मोडलं नव्हतं. माझे मालक आळंदच्या कचेरीत कारकून होते. नव्या सरकारनं कचेरीमागच्या माळावर नोकरमाणसांसाठी एका ओळीत क्वार्टरं बांधली. दगडी भिंती, काचेची तावदानं, आणि खाली कोबा. कोबा म्हणजे अखंड सिमेंटची फरशी, घोटून घोटून इतकी गुळगुळीत केलेली की वाकून बघितलं तर तोंड दिसावं. मालकांनी मला हाताला धरून घर दाखवलं. "बघ, सारवायचं न्हाई, पोपडे न्हाईत, ढेकूण न्हाईत. राणी झालीस, राणी!"

तेव्हा चैत्र होता. मी पोटुशी होते. दुपारी पदर टाकून त्या फरशीवर पडलं की जीव थंड व्हायचा, खोटं कशाला बोलू. वैशाखात निंबर्ग्याला माहेरी माझी लेक झाली. दसऱ्याला तिला घेऊन मी आळंदला परत आले, आणि महिन्याभरात त्या फरशीनं आपले खरे गुण दाखवले. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते उगीच नाही.

लोक म्हणतात, तुमच्याकडं कुठली आलीय थंडी. या की बघायला. आमच्या माळावर कार्तिकात पहाटेचं वारं सुटलं की हातातली भाकर तव्यावरून ताटात येईस्तोवर गार होते. आणि तो कोबा रात्रभर गारठा पिऊन बसायचा आणि दिवसभर तो आमच्या पायांत ओकायचा. सकाळी पाय टेकवला की कळ टाळूपर्यंत जायची. गावाकडं मातीची जमीन माणसाबरोबर जगते. तुम्ही बसलात की तीही ऊन होते. कोबा तुमची ऊब घेतो आणि परत देत नाही.

मी सहन केलं असतं. पण लेक नेमकी तेव्हाच रांगायला लागली.

आमच्याकडं रांगतं लेकरू घरभर मोकळं सोडतात. ते कुठं जातं, काय धरतं, कुणाच्या पायाशी येतं, त्यात सगळ्या घराचा दिवस जातो. माझी लेक खाली ठेवली की एक हात उचलायची, मग दुसरा उचलायची, आणि मग चारही उचलता येत नाहीत म्हणून भोकाड पसरायची. गुडघे जांभळे पडायचे. बाजेवर ठेवावं तर ती बाजेवर ठरेना, दोनदा धाडकन खाली आली. मग खोकला लागला, छाती घरघरायला लागली. मी ओव्याचा शेक द्यायचे, वेखंड लावायचे, आणि त्या फरशीला तोंडाला येईल ते बोलायचे.

दिवाळीला अक्का आल्या. अक्का म्हणजे मालकांची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना अक्कांनीच वाढवलं. स्वतःचं लग्न होऊन वर्षातच कपाळ पांढरं झालेलं, पोटी काही नाही. भालकीजवळच्या गावात आमचं जुनं घर आणि शेती त्याच एकट्या सांभाळायच्या. त्यांनी शब्द टाकला आणि मालकांनी तो खाली पडू दिला, असं मी कधी बघितलं नव्हतं.

भाऊबिजेचं ओवाळून झालं. अक्कांनी लेकीचे पाय हातात घेतले आणि त्यांचं तोंडच बदललं. "अगं, हे काय! बरफ हाय का पाय? ह्या फरशीवर मढं ठेवत्यात, लेकरू न्हाई."

मी म्हणलं, "बाजेवर ठेवते, अक्का. ठरत न्हाई ती."

"कशी ठरंल? लेकरू हाय का गाडगं? आपल्या घरी शेणानं सारवलेली जमीन हाय, रांगू दे की खुशाल. येळवशीला मी येते आन् हिला घिऊन जाते. शाळेच्या वयाची झाली की धाडते."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या मुलखात त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. भाऊबिजेपासून येळवशीपर्यंत दोन महिने. त्या दोन महिन्यांनंतर माझी लेक मला शाळेच्या वयाची झाल्यावर मिळणार! आळंदहून भालकी म्हणजे मोटारी बदलत दिवस घालवायचा. वर्षातून एकदा भेट झाली तरी नशीब. लेकरू मला ओळखायचं नाही, अक्कांच्या पदराआड लपून 'ही कोण' म्हणून बघायचं. मी मालकांकडं बघितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "अक्का म्हणतीय ते खरंच हाय की."

माझ्या अंगाची लाही झाली. लेक मी जन्माला घातली, आणि तिनं कुठं राहायचं ते बहीण-भावानं सुपारी कातरताना ठरवलं!

मी विचारलं, "आन् घर ऊन झालं तर?"

अक्का हसल्या. "सिमेंट कुठं ऊन होतंय गं?"

"झालं तर?"

"झालं तर बघू," अक्का म्हणाल्या. त्यांनी ते वेड्याची समजूत घालावी तसं म्हटलं. मी ते गाठीला बांधलं.

अक्का गेल्या त्याच दिवशी मी कामाला लागले. निंबर्ग्याच्या पोरीला जमीन ऊन करायची एकच विद्या ठाऊक. शेण आणलं, पांढरी माती आणली, चांगलं कालवलं आणि त्या आरशासारख्या कोब्यावर हात फिरवून अख्खी खोली सारवून काढली. काय देखणी झाली होती! आईच्या घराचा वास आला. मालक कचेरीतून आले आणि दारातच थबकले. "सरकारी फरशीवर शेण? तुला येड लागलंय का?" मी म्हणलं, "लागलंय. पाय धुवून आत या."

पण सारवण धरायला खाली माती लागते. कोबा कसला धरतोय! तिसऱ्या दिवशी सारवणाला भेगा पडल्या, चौथ्या दिवशी त्याचे पापड सुटले. लेक एकेक पापड उचलायची आणि तोंडात घालायची. शेजारच्या क्वार्टरात ओव्हरसियर राहायचे. हीच क्वार्टरं त्यांच्या देखरेखीखाली बांधलेली. त्यांची बायको हैदराबाद शहरातली, खुर्चीवर बसून भाजी चिरणारी. ती दारातनं डोकावली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, हा क्वार्टर आहे, गोठा नाही." मी खराट्यानं सगळं झाडून काढलं. तिचा तो गोठा मात्र माझ्या डोक्यात राहिला.

मग शेगडी केली. कोळसे फुलवून खोलीत ठेवले, दार लावलं, तावदानं लावली. गावाकडं माळवदाला सवणं असतं, वरचं भोक, त्यातनं धूर जातो. इथं धुराला जायला जागाच नाही. घटकाभरात माझं डोकं गरगरलं आणि लेक मांडीवर ढिली पडली. दार उघडून तिला घेऊन मी अंगणात पळाले. गार वाऱ्यात ती रडली तेव्हा माझा जीव जाग्यावर आला. शेगडी तशीच उचलून उकिरड्यावर पालथी केली. ऊब पाहिजे होती, पण लेकराच्या जिवावर उठणारी नको.

त्यानंतर दोन दिवस मी नुसती चिडून होते. भाकरी थापताना पिठावर राग काढायचे. आणि थापता थापता शेजारणीचा तो शब्द परत आठवला. गोठा! अगं, गोठाच तर पाहिजे! माझ्या बापाच्या गोठ्यात ऐन थंडीत गाय व्याली की अप्पा वासराखाली हातभर भुसा पसरायचे, वर पोतं टाकायचे. चार पायांवर थरथरणारं ते वासरू घटकेत शांत व्हायचं. वासराला जे कळतं ते कारकुनाला कामून कळू नये?

मी निंबर्ग्याला निरोप धाडला. अप्पांनी गाडी भरून तुरीचा भुसा आणि रिकामी पोती आणून टाकली. क्वार्टरांच्या ओळीसमोर भुशाची गाडी उभी राहिली तेव्हा बाया दारात आल्या. अप्पांनी हळूच विचारलं, "बैल कुठं बांधलेत गं तुम्ही?" मी म्हणलं, "बैल कचेरीत गेलेत." अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

भुसा उन्हात खडखडीत वाळवला. त्यात कडुलिंबाचा पाला चुरला, किड्यामुंगीनं यायचं नाव काढू नये म्हणून. पोत्यांत चार बोटं जाड भरला, तोंडं शिवली, आणि पोत्याला पोतं जोडून भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच बिछाना केला. दाभणानं बोटं सोलून निघाली. आता त्याच्यावर वाकळ पाहिजे होती. वाकळ म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी, आणि ती नव्या कापडाची करत नाहीत. घरातल्या माणसांनी अंगावर वागवून मऊ केलेलं कापडच वाकळीला लागतं. लेकराला घरच्यांची ऊब लागावी, ही त्यातली रीत. माझी दोन लुगडी गेली, मालकांची धोतरं गेली. तरी मधली जागा उघडी राहिली, नेमकी जिथं लेक जास्त रांगायची.

ट्रंकेत मालकांची शेरवानी होती. काळी, जाड, लोकरीची. निजामाच्या वेळी कचेरीत शेरवानीशिवाय पाय टाकता येत नसे. ॲक्शननंतर शेरवान्या गेल्या, बुशकोट आले. ती तेव्हापासून डांबराच्या गोळ्यांत झोपलेली. मालक वर्षातून एकदा तिला ऊन दाखवायचे आणि परत घडी घालून ठेवायचे. घालायची नाही, द्यायची नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी म्हणलं, घरात लेकरू कुडकुडतंय आणि लोकर ट्रंकेत निजलीय, हे कुठल्या देवाला चालतं? कात्री घेतली आणि पाठीतनं सरळ उभी फाडली. बटणं काढली, काजं तशीच राहू दिली, आणि तो काळा तुकडा वाकळीच्या मधोमध शिवून टाकला.

एक युक्ती मात्र त्या कोब्याकडूनच शिकले. दक्षिणेच्या दारातनं दुपारचं ऊन आत यायचं, आणि तेवढी फरशी चुलीच्या कट्ट्यासारखी तापायची. म्हणजे हा भामटा ऊब धरतो, फक्त वेळेवर झाकला पाहिजे. मी रोज दुपारी बिछाना तिथून गुंडाळून ऊन फरशीला खाऊ द्यायचे, आणि उन्हं कलायच्या आत वरून पोती आणि वाकळ पसरून टाकायचे. संध्याकाळपर्यंत खालून ऊब येत राहायची. त्या क्वार्टराला उंबरा नव्हता, दाराखालून वारं यायचं. तिथं भुशाची लांब पिशवी करून लावली.

मालकांनी शेरवानी ओळखली आणि वाकून तो काळा तुकडा चाचपला. मग म्हणाले, "कचेरीतली माणसं घरी येत्यात. काय म्हणतील? ओव्हरसियर मला रस्त्यात विचारायलाय, सरकारी इमारतीत वैरण कामून भरलीय म्हणून. उचल सगळं."

मी म्हणलं, "तुम्हाला फरशी पाहिजे का लेक?"

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय. तुमच्या वाट्याची फरशी मी मोकळी करून देते. आमच्या वाट्याची ऱ्हाऊ द्या."

आणि मी दिली. त्यांच्या अंथरुणाखालची पोती ओढून काढली, तेवढा कोपरा चकचकीत मोकळा केला. सरकारी माणूस, सरकारी फरशी! दोन दिवस इभ्रतीनं झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी शिंकून शिंकून बेजार. नाक पुशीत म्हणाले, "एखादं पोतं जास्तीचं हाय का?" मी म्हणलं, "गोठ्यात जागा हाय, पण मुकाट्यानं यायचं." मुकाट्यानं आले.

लेक पंधरा दिवसांत बदलली. खोकला गेला, छाती मोकळी झाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सुसाट रांगायची, मधल्या काळ्या तुकड्यावर येऊन बसायची आणि काजांत बोटं घालून खेळायची.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर अक्का आल्या. बरोबर रिकामी पिशवी, आणि एक लहानशी नवी शिवलेली वाकळ, मोटारीत लेकराला गुंडाळायला. म्हणजे बाईसाहेब ठरवूनच आल्या होत्या. वहाणा काढून आत पाय टाकला आणि जागीच थांबल्या. वाकल्या, हातानं दाबून बघितलं, पोत्याच्या खाली हात घालून कोबा चाचपला. कोबा ऊन होता. मी बघत उभी होते.

"गोठा केलीस की घराचा," अक्का म्हणाल्या.

"व्हय. वासरासाठी."

त्यांनी लेकीला उचललं, तिचे पाय आपल्या गालाला लावले. पाय ऊन होते, मला ठाऊक होतं. अक्कांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "तरी नेते. बोलले ते बोलले. उद्या थंडी वाढंल." आणि भावाला म्हणाल्या, "पिशवी घे रे. सांजची मोटार हाय."

मालकांनी पिशवी उचलली! मी ते अजून विसरले नाही, आणि विसरणारही नाही.

मी दारात जाऊन बसले. उंबरा नव्हता, म्हणून त्या भुशाच्या पिशवीवरच बसले आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. "अक्का, मला वलांडून जावं लागंल. घर ऊन झालं तर बघू म्हणला होता. बघा की आता. फरशी ऊन हाय, लेकराचे पाय ऊन हायेत. आता कुठला गारठा ऱ्हायला? तुम्हाला लेकरू पाहिजे, असं सरळ म्हणा. फरशीचं नाव कामून घेता?"

असं अक्कांना त्या घरात कुणी बोललं नव्हतं. मालकांच्या हातातली पिशवी खाली पडली. अक्कांचं तोंड पांढरं झालं आणि त्या लेकीला घेऊन खाली बसल्या. लेक मांडीवरून सुटली आणि रांगत आपल्या जाग्यावर गेली. काळ्या तुकड्यावर बसून तिनं काजात बोट घातलं. अक्कांची नजर तिच्या बोटामागं गेली.

त्या पुढं सरकल्या. काजावरून अंगठा फिरवला. "ही माझी काजं हायेत," हळू आवाजात म्हणाल्या. "त्याला नोकरी लागली तवा बीदरच्या शिंप्याकडं शिवली. शिंप्याची काजं मला पटंनात. मी घरी आणून सगळी पुन्हा केली." मग माझ्याकडं बघितलं. "तू कापलीस?"

"मी कापली."

"मला इचारावं वाटलं न्हाई?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असता."

मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटू दे म्हणलं. मीही तयार होते. पण अक्का काजाकडंच बघत राहिल्या. लेक त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. तिचं ते पहिलंच उभं राहणं. पडली, पण भुशावर पडली, आणि हसली.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "न्हाई म्हणले असते." आणि पदर डोळ्यांना लावून भडाभडा रडल्या. "तिकडं जमीन ऊन हाय गं. पण तिच्यावर रांगायला कोण हाय?"

माझाही राग तिथंच विरघळला. तरी दारातनं मी उठले नाही. लेक द्यायची नव्हती, म्हणजे नव्हती. मी म्हणलं, "लेकरू जाणार न्हाई, अक्का. तुम्ही ऱ्हावा. जागा हाय."

सांजची मोटार गेली. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या गाडीतनं आम्ही सगळे निंबर्ग्याच्या शेतात येळवस जेवलो. कडब्याच्या खोपीत लेकीला मांडीवर घेऊन अक्का बसल्या, आणि आंबील-भज्जी खाताना कुणाला तिच्या अंगाला बोट लावू देईनात. भालकीला परत निघाल्या तेव्हा आणलेली नवी वाकळ त्यांनी मालकांच्या कोपऱ्यात अंथरली. म्हणाल्या, "त्या काळ्या तुकड्याची शिवण कच्ची हाय तुझी. दरसाल उसवंल. मी येऊन घालत जाईन." शिवण पक्की होती. मी म्हणलं, "या." दरसाल आल्या.

मग हैदराबाद मोडलं, आळंद म्हैसूर राज्यात गेलं, आणि मालकांची बदली झाली. क्वार्टर सोडायचं म्हणून ओव्हरसियर तपासणीला आले. बरोबर बायको, दोन माणसं. फरशी खराब केली असणार, भरून घ्यायचं, असा चेहरा. माझी शेजारीण नाकाला पदर लावून उभी. अक्काही सामान बांधायला आलेल्या होत्या.

मी वाकळ उचलली, पोती एकेक करून बाहेर काढली, आणि केरसुणी फिरवली. खाली कोबा जसाच्या तसा! घोटलेला, चकचकीत, ओरखडा नाही, डाग नाही. ओव्हरसियरच्या स्वतःच्या घरची फरशी खुर्च्या ओढून ओढून चरे पडून गेली होती. ते वाकले आणि त्यात त्यांना आपलं तोंड दिसलं.

माझी लेक तेव्हा साडेचार वर्षांची. त्या घरात ती रांगली, उभी राहिली, चालली, धावली, पण थंडीतल्या गार कोब्यावर तिनं जाणत्या पायांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिनं एक पाय ठेवला, किंचाळली आणि उडी मारून अक्कांच्या कडेवर चढली. "आई, हे काय गं? गार हाय!"

"ते सरकारचं हाय," मी म्हणलं. वाकळ खांद्यावर टाकली, ओव्हरसियरला म्हणलं, "घ्या मोजून. मी माझी लेक घेऊन चालले."